इनास सर आणि दातांवरची वस्ती

इनास सरांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "सकाळी दात घासलेत का?"

त्या दिवशी मी वसईतल्या एका कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झालो होतो. नवा शर्ट, नवी चप्पल. स्टाफरूमच्या दारात पाऊल टाकतोय तोच एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या बुशशर्टातले गृहस्थ आडवे आले आणि नाव नाही, गाव नाही, एकदम हा प्रश्न. मला वाटलं तोंडाला वास येतोय. मी ओठ शक्य तितके कमी हलवून म्हणालो, "हो, घासलेत."

त्यांचा चेहरा पडला. "अरेरे," ते म्हणाले, "मग आज तुमचा काही उपयोग नाही." आणि चहा घ्यायला निघून गेले.

मी दारातच उभा. भूगोलाच्या बाईंनी पेपर तपासता तपासता एक खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली. "बसा. उद्या न घासता या, म्हणजे एकदाचं मिटेल. आम्ही सगळ्यांनी देऊन टाकलंय."

"काय देऊन टाकलंय?"

"किटण," बाई म्हणाल्या. "दातांवरचं."

नोकरी सोडावी की काय, असं वाटायला मला तेवढं पुरेसं होतं. पण सोडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी, आजही सांगताना कसंतरी होतं, मी खरोखर दात न घासता गेलो. सरांनी खिशातल्या छोट्या बाटलीतून एक दातकोरणं काढलं, मला खिडकीशी नेलं आणि म्हणाले, "रागावू नका हं, पण जरा खालचा ओठ ओढून धरा." खाली मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती. एक फिल्डर चेंडू सोडून आमच्याकडेच बघत राहिला.

"रागावू नका हं, पण" ही सरांची प्रस्तावना. तिच्यामागून जे येई त्यावर न रागावणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

ते सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख होते. भुईगावचे. घरची केळीची वाडी भावांनी बघितली आणि हे शिकत राहिले. सगळा जन्म त्यांनी एका गोष्टीला वाहिला होता: तोंडातल्या एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला धरतो कसा. तोंडात जंतू असतात हे मला टूथपेस्टच्या जाहिरातींमुळे माहीत होतं. पण ते एकमेकांना धरून राहतात, कुणी कुणाला धरायचं हे ठरलेलं असतं, याची मला कल्पना नव्हती आणि खरं सांगायचं तर हवीही नव्हती. चहाबरोबर ती मला फुकट मिळाली.

"विचार करा, सावंत मास्तर," सर बिस्किट हवेत धरून सांगत. "दात गुळगुळीत. वरून लाळ सतत वाहतेय. जो सुटा राहील तो गिळला जाणार, पोटात जाऊन मरणार. मग करायचं काय? धरायचं! पहिले येतात ते दाताला धरतात. दुसरे येतात ते पहिल्यांना धरतात. मग येतो एक लांबडा, बाभळीच्या काट्यासारखा. तो पहिल्यांनाही धरतो आणि नंतरच्यांनाही. त्याच्या ओळखीनं असे असे आत शिरतात की ज्यांना एरवी दारात कुणी उभं केलं नसतं."

मी तेव्हा मनवेलपाड्यात चाळीत राहत होतो. म्हणालो, "म्हणजे आमच्या चाळीसारखंच की."

सरांना ते आवडलं नाही. "चाळीत भाडं असतं," ते म्हणाले. "इथं भाडं नाही. इथं नुसती पकड."

मी दिलेला नमुना मी विसरलो होतो. सर विसरले नव्हते. एका दुपारी ते दोन काचेच्या नळ्या घेऊन स्टाफरूममध्ये आले. दोन्हींत पांढुरकं, गढूळ पाणी. "सगळ्यांनी इकडं बघा," ते म्हणाले. एकीतलं पाणी दुसरीत ओतलं, नळी हलवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आधी काही झालं नाही. मग त्या गढूळ पाण्यात बारीक कण दिसू लागले, कणांचे गोळे झाले, दूध नासावं तसे. आणि बघता बघता सगळे गोळे तळाशी जाऊन बसले. वरचं पाणी स्वच्छ.

"धरलं!" सर ओरडले. "काय सुंदर धरलं बघा! एक जात सावंत मास्तरांच्या तोंडातली, दुसरी प्राचार्य मॅडमच्या."

स्टाफरूम गार पडली. कारण त्याच आठवड्यात माझं आणि प्राचार्य मॅडमचं वेळापत्रकावरून कडाक्याचं भांडण झालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि मॅडम दारात उभ्या होत्या, हे सरांखेरीज सगळ्यांना दिसत होतं.

"माझं काय धरलं?" मॅडमनी विचारलं.

दुसरा कुणी असता तर नळी टाकून पळाला असता. सर आनंदानं वळले. "या, या मॅडम! रागावू नका हं, पण तुमचा जो आहे ना, त्याच्या अंगावर बारीक हात असतात. आणि सावंतांच्याच्या अंगावर पकडायला खुंट्या. तुमच्यानं सावंतांच्याला असा काही धरलाय..."

भूगोलाच्या बाई पेपरांच्या गठ्ठ्यामागे दिसेनाशा झाल्या. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मॅडम नळीकडे बघत राहिल्या. मग अगदी थंडपणे म्हणाल्या, "सोडवता येतं का?"

"येतं ना!" सरांनी खिशातून पुडी काढली, चिमूटभर पांढरी पूड नळीत टाकली, हलवलं. गोळे विरघळले. पाणी पुन्हा गढूळ. "दुधातली साखर. त्या हातांना खुंटीसारखीच वाटते. हातात साखर आली की खुंटी सुटली."

"मग ते सुटलेलंच राहू द्या," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या. माझं वेळापत्रक मात्र दुसऱ्या दिवशी बदलून मिळालं. का, ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

पुढे मी चंदनसारला फ्लॅट घेतला. गणपतीत सरांना जेवायला बोलावलं. ती घोडचूक होती हे मला त्यांनी आईला नमस्कार करताक्षणीच कळलं, कारण ते आईच्या तोंडाकडे बघत होते.

माझी आई सावंतवाडीकडची. उष्ट्याच्या बाबतीत इतकी कडक, की एका ताटातला पापड दुसऱ्या ताटाला लागला तरी तिचा जेवणावरचा जीव उडे. सर तिला म्हणाले, "रागावू नका हं, आई, पण कवळी रात्री कशात ठेवता?"

आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. तिच्या तोंडात कवळी आहे हे आमच्या शेजारच्यांना माहीत नव्हतं. माझ्या बायकोनं मोदक पुढे करून विषय बदलायचा प्रयत्न केला. पण सरांची नजर तोवर आईच्या मांडीवर बसलेल्या माझ्या मुलीवर गेली होती. तिला नुकतेच दोन दात फुटले होते.

"हिच्या तोंडात आता वस्ती सुरू झाली असणार," सर कौतुकानं म्हणाले. "आणि पहिली मंडळी बहुतेक तुमच्याकडूनच गेलेली, आई. मऊभात गरम आहे का ते बघायला चमचा ओठाला लावता ना?"

"मी?" आई म्हणाली. "मी उष्टं देते? माझ्या नातीला?"

"देता तर! मघाशीच दिलंत. मी बघितलं."

पंगतीत कुणी घास उचलेना. बायको छताकडे बघत होती. तिला ही शंका बरेच दिवस होती, पण सुनेनं ती बोलायची कशी! मी सरांना डोळ्यांनी खुणा करत होतो, आणि त्यांना वाटलं मला आणखी माहिती हवी आहे. "अहो, चांगलं आहे ते," ते आईला म्हणाले. "कुणीतरी पहिलं जायलाच हवं. मोकळ्या दातावर उद्या कुणीही उपटसुंभ येऊन बसेल. तुमची माणसं आधी बसली, आता पुढचे येतील ते तुमच्या माणसांना धरून येतील. हिच्या तोंडाचा पाया तुम्ही घातलात."

आईनं हातातली वाटी खाली ठेवली. मग तिनं सरांच्या पानात न विचारता तूप ओतलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या बिल्डिंगला कळलं होतं की नातीच्या तोंडाचा पाया आजीनं घातला.

असा हा माणूस. मला नेहमी प्रश्न पडायचा, याच्या घरचे याला सहन कसे करतात? त्याचं उत्तर एका लग्नात मिळालं.

लग्न सरांच्या मेहुण्याच्या मुलीचं. मेहुणा पास्कू, बायकोचा थोरला भाऊ. जाडजूड, मोठ्या आवाजाचा बागायतदार. चर्चमधला विधी झाला, सगळे हॉलवर आले, केक कापला, आणि घरातला शिकलेला माणूस म्हणून टोस्ट करायला सरांना उभं केलं. सरांनी ग्लास उचलला.

"रागावू नका हं," ते माइकवर म्हणाले. "पण आजपासून या दोघांच्या तोंडातली वस्ती हळूहळू एक होणार. हिच्या दातांवरचे त्याच्या दातांवर जातील, त्याचे हिच्याकडे येतील. तिथं कुणी विचारत नाही, तू कुठला, तुझं घराणं कोणतं. पकडायला जागा दिसली की धरलं! आता हे जातात कसे, तर चुंबनाच्या वेळी..."

फादरांचा ग्लास ओठांपाशी थबकला. नवऱ्या मुलाच्या आईनं तिचा टेबलावर ठेवून दिला आणि तो लांब सरकवला. नवरी पदराआड हसतेय की रडतेय ते कळेना. पास्कूचा चेहरा जांभळा झाला होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक ठेंगणी, गुटगुटीत बाई उठली, खाडखाड पावलं टाकत स्टेजवर गेली आणि तिनं सरांच्या हातातला माइक काढून घेतला.

"बस झालं," ती माइकवरच म्हणाली. "हे पीत नाहीत. न पिताच असे आहेत. देव दोघांचं भलं करो. बँडवाले, वाजवा!"

त्या लुर्दीन वहिनी. सरांच्या पत्नी. पुढे ओळख वाढल्यावर कळलं, त्या सगळ्यांशीच भांडत. मासळीवालीशी, वायरमनशी, पॅरिशच्या फादरांशी. सरांशी तर सकाळपासून सुरुवात. सर भांडणात हमखास हरत आणि हरल्यावर इतके प्रसन्न दिसत की मला नवल वाटे.

सर निवृत्त झाले. त्यानंतर काही महिन्यांनी वहिनींना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी हॉस्पिटलात भेटून आलो. मग परीक्षा, पेपर, हे-ते, आणि बरेच दिवस भुईगावला जाणं झालं नाही.

एका रविवारी पास्कूचा फोन आला. एरवी हा माणूस आपल्या बोलीत बोलायचा, मला अर्धंच कळायचं. रागावला की मात्र शाळेतली मराठी काढायचा. आज पहिल्या वाक्यापासून शाळेतली मराठी होती.

"सावंत सर, तुमचे मित्र माझ्या बहिणीच्या तोंडावर प्रयोग करत आहेत."

"काय?"

"दिवसातून चार-चार वेळा. तिला बसवतात, डोक्याला बॅटरी बांधतात आणि तोंडात काड्या घालतात. शेजारीण खिडकीतून बघून आली. माझी बहीण ओरडूसुद्धा शकत नाही हो! तिच्या तोंडातलं नळ्यांमध्ये भरत असतील. मी आज तिला माझ्या घरी घेऊन जातो आहे. तुम्ही सोबत या. उद्या कुणी म्हणायला नको की मी भांडण करून नेलं."

धक्का त्या बातमीचा तर होताच. त्याहून मोठा धक्का याचा, की मला ती लगेच खरी वाटली. दुसऱ्या कुणाबद्दल सांगितली असती तर मी पास्कूला वेड्यात काढलं असतं. पण हा माणूस नातीचं बोळकं आणि आजीची कवळी सोडत नाही. घरात एक तोंड आयतं, मुकं, अंथरुणाला खिळलेलं असताना सोडेल?

आम्ही गेलो. वाडीतून चालताना पास्कू पुढे, मी मागे. घराचं दार उघडंच होतं. आतून सरांचा आवाज येत होता, "आऽऽऽ... हां. आणखी थोडं. आऽऽऽ..."

पास्कू दारातच थांबला, आणि त्याच्या खांद्यावरून मला दिसलं ते असं. वहिनी खाटेवर, पाठीशी उशा, हनुवटीखाली टॉवेल. सर जमिनीवर गुडघे टेकून बसलेले, कपाळावर खरंच बॅटरी बांधलेली. एका हाताच्या बोटाला ओला गॉझ, दुसऱ्या हातात लहान मुलांचा मऊ ब्रश. तिचं तोंड उघडं, आणि तिच्याकडे बघत यांचंही.

"हात काढ!" पास्कू गरजला. पुढचं सगळं त्या दोघांच्या बोलीत झालं. मला जसं कळलं तसं सांगतो.

सर वळलेसुद्धा नाहीत. "थांब, पास्कू. उजवा गाल राहिलाय. तिकडचं तिला कळत नाही ना, म्हणून घास तिकडंच अडकतो." बोट आत गेलं, गालातून हळूच फिरलं, भाताची दोन शितं घेऊन बाहेर आलं. मग त्यांनी तिचे ओठ पुसले, कोपऱ्यातून ओघळणारी लाळ पुसली आणि वर बघितलं.

"नळ्या कुठायत?" पास्कूनं विचारलं.

"कसल्या नळ्या?"

पास्कू तडक मागच्या खोलीत गेला. तिथं सरांचं टेबल होतं, सूक्ष्मदर्शक होता. मी मागोमाग. सूक्ष्मदर्शकावर कापडी पिशवी घातलेली, पिशवीवर धूळ. नळ्या स्टँडवर उपड्या, कोरड्या ठणठणीत. पास्कूनं कपाट उघडलं, फ्रिज उघडला. फ्रिजमध्ये भोपळ्याचा लगदा, डाळीचं पाणी, शहाळ्याचं पाणी. त्यानं भांडी हलवून मागे बघितलं. काही नाही.

परत येऊन त्यानं खाटेखालचं पातेलं पायानं पुढे ओढलं. त्यात वापरलेला गॉझ होता. "मग हे कुठं ठेवतोस?"

"मोरीत. वरून उकळतं पाणी ओततो आणि फेकतो," सर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही का आलो आहोत. ते रागावले नाहीत. वर्गात एखादा मठ्ठ पोरगा असावा तसं त्यांनी पास्कूला समजावलं. "तिला गिळता नीट येत नाही. थुंकी चुकून छातीत उतरते. डॉक्टर म्हणाले, आता भीती न्यूमोनियाची. पहिले दातावर बसतात ना, ते गरीब असतात. पण त्यांना धरून दुसरे येतात, दुसऱ्यांना धरून तिसरे. ते तिसरे वाईट. त्यांना छातीत जाऊ द्यायचं नाही. म्हणून मी पहिल्यांनाच बसू देत नाही. घासलं की सुटतात. जेवली की परत धरतात. परत घासायचं."

ज्यांच्या पकडीचं कौतुक करण्यात या माणसाचा जन्म गेला, ते जंतू तो आता सकाळ-संध्याकाळ हातानं सोडवत होता.

पास्कूला मात्र अजून पटत नव्हतं. "सगळ्या वसईच्या तोंडातलं घेतलंस. फादरांचं घेतलंस. माझ्या बायकोचं घेतलंस. हिचं नाही घेतलं?"

"हिनं दिलं नाही," सर म्हणाले. "लग्न झाल्या झाल्याच विचारलं होतं. म्हणाली, मी नवऱ्याला जेवायला वाढीन, दातातला मळ वाढणार नाही. मग दर ईस्टरला विचारायचो. चाळीस दिवसांचा उपास सुटलेला असतो, माणूस खुशीत असतं. दर ईस्टरला नाही. एकदा दातकोरणं मोडून चुलीत टाकलं."

"पण सर," माझ्या तोंडून निघून गेलं, "आता तर कुणी अडवत नाही."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फार घाणेरडं काही बोललो. "सावंत मास्तर," ते म्हणाले, "ती नाही म्हणालेली आहे."

वहिनी तिघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. सरांनी ब्रश पाण्यात बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला.

"पूर्वी तोंड उघड म्हटलं की ओठ गच्च मिटून घ्यायची," ते ब्रशकडे बघत म्हणाले. "वर दोन शिव्या. आता म्हटलं की उघडते. लगेच. कधीही म्हटलं तरी. मी... मला ते..." आणि आयुष्यभर सगळ्यांना तोंड उघडायला लावणारा तो माणूस पुढचं बोलू शकला नाही.

पास्कूनं ते पातेलं पायानं परत खाटेखाली ढकललं. मग त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या. "दे इकडं. राहिलेलं मी करतो."

सरांनी त्याला आधी साबणानं हात धुवायला लावले. धुतलेले पसंत पडले नाहीत म्हणून परत लावले. मग पास्कू खाटेशी बसला. केळीचे घड उतरवणारा तो हात, आणि त्यात तो चिमुकला ब्रश. "लुर्दू," तो म्हणाला, "आ कर."

वहिनींनी भावाकडे बघितलं. ब्रशकडे बघितलं. आणि त्यांचे वाकडे ओठ हळूहळू मिटले. उजवीकडचा भाग मिटेना, तर त्यांनी डावा हात उचलला, तिकडचा ओठ बोटांनी दाबून धरला आणि मान भिंतीकडे फिरवली.

"अगं, मी आहे," पास्कू ओशाळून म्हणाला. "भाऊ ना तुझा."

वहिनी भिंतीकडेच.

सर ताडकन उठले. "नाही म्हणाली," ते पुटपुटले. मग माझा दंड धरून मोठ्यानं, "सावंत मास्तर, बघितलंत? नाही म्हणाली! तुमच्यासमोर म्हणाली!" ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कपाळावरची बॅटरी काढायची राहिली होती, तिचा उजेड भिंतीवर, छतावर, वहिनींच्या मिटलेल्या तोंडावर नुसता नाचत होता.

पास्कूनं ब्रश पुन्हा पुढे केला. सरांनी त्याचं मनगट धरलं.

"नको म्हणतेय ना ती," सर म्हणाले. "राहू दे. थोड्या वेळानं परत विचारतो." आणि त्याच्या हातातून ब्रश घेऊन ते खाटेशी वाट बघत बसले.